परदेशात नोकरी शोधताना वय आडवं येतं तेव्हा: कंपनी नाही म्हणतेय की व्हिसा?

चाळिशी ओलांडलेला माणूस दुसऱ्या देशात नोकरी शोधायला लागला की बऱ्याचदा असं होतं, अर्ज जात राहतात, उत्तरं येत नाहीत, आलीच तर दोन ओळींची छापील येतात, आणि मग माणूस रात्री स्वतःचाच सीव्ही उघडून बसतो की नक्की चुकतंय कुठे. कधीकधी काहीच चुकलेलं नसतं, वय आडवं आलेलं असतं. पण "वय आडवं आलं" एवढं म्हणून भागत नाही, कारण परदेशी उमेदवाराच्या बाबतीत ते दोन वेगळ्या ठिकाणी आडवं येतं, एक कंपनीत आणि एक व्हिसाच्या नियमात, आणि यातलं पहिलं अनेक देशांत बेकायदेशीर आहे, दुसरं मात्र खुद्द कायद्यातच लिहून ठेवलंय. आपण नक्की कुठे अडलोय हे कळलं नाही तर सीव्ही कितीही वेळा बदला, काही फरक पडत नाही.

आधी व्हिसाचं बघू, तिथे निदान आकडे स्पष्ट असतात, कोणाच्या मनात काय चाललंय याचा अंदाज बांधत बसावं लागत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या पॉइंट्सवाल्या स्किल्ड व्हिसांसाठी, म्हणजे १८९ आणि १९० क्रमांकाच्या व्हिसांसाठी, अर्ज करायचं सरकारचं इन्व्हिटेशन येताना वय ४५ च्या आत लागतं. २५ ते ३२ वयाला ३० पॉइंट्स, ३३ ते ३९ ला २५, ४० ते ४४ ला १५, आणि पंचेचाळिसावा वाढदिवस झाला की विषय संपला. याच ऑस्ट्रेलियात वयावरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा २००४ पासून आहे, पण इमिग्रेशन त्यातून वगळलेलं आहे. म्हणजे कंपनीने केलं तर बेकायदेशीर, सरकारने केलं तर धोरण! कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे कायम वास्तव्यासाठी गुणांवर निवड होते त्या पद्धतीत, एकट्या अर्जदाराला २० ते २९ वयात ११० गुण मिळतात, चाळिसाव्या वर्षी ५०, चव्वेचाळिसाव्या वर्षी ६ आणि पंचेचाळीसपासून पुढे शून्य. तिथे अर्ज करायला वयाची आडकाठी नाही, फक्त गेलेले गुण दुसरीकडून आणावे लागतात, आणि ते आणायचा खरा दमदार मार्ग एकच, एखाद्या प्रांताचं नॉमिनेशन, म्हणजे प्रांताने तुमची निवड करणं, त्याचे एकदम ६०० गुण असतात. जपानच्या हाय-स्किल्ड व्हिसाला ७० गुण लागतात, तिशीच्या आतल्याला वयाचेच १५ मिळतात, चाळिशीपुढच्याला काहीच नाही. जर्मनीत साध्या स्किल्ड वर्कर परवान्यावर ४५ नंतर पहिल्यांदा येणाऱ्याने एकतर ठरावीक पगाराच्या वरची नोकरी आणायची (२०२५ साठी हा आकडा वर्षाला ५३,१३० युरो होता) नाहीतर म्हातारपणाची पुरेशी सोय असल्याचं दाखवायचं, कारण एवढ्या उशिरा आलेल्या माणसाची तिथल्या पेन्शनमध्ये भरायची वर्षं कमी उरतात आणि सरकारला ते ओझं नकोय.

सिंगापूरचं उदाहरण जरा नीट बघण्यासारखं आहे, कारण तिथे वय थेट पगाराला बांधलंय. एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे परदेशी माणसाला तिथे नोकरी करायचा परवाना, हवा तर कंपनीने किमान किती पगार द्यायचा हे उमेदवाराच्या वयावर ठरतं. १ जानेवारी २०२५ पासूनचे आकडे असे, सगळ्यात तरुण उमेदवारासाठी महिना ५,६०० सिंगापूर डॉलर, मग वयासोबत चढत चढत ४५ आणि पुढच्यांसाठी १०,७०० डॉलर. फायनान्स सेक्टरमध्ये तेच ६,२०० पासून ११,८०० पर्यंत. यामागचा विचार तसा सरळ आहे, तिथला स्थानिक अनुभवी माणूस साधारण तेवढं कमावतो, तर बाहेरच्याने स्वस्तात येऊन त्याचा भाव पाडू नये. पण याचा परिणाम काय होतो बघा. एखाद्या जागेचं बजेट महिना ८,००० आहे, तुम्ही ४७ वर्षांचे आहात, कामात एकदम फिट बसताय, आणि तुम्ही मोठ्या मनाने सांगताय की मला ८,००० चालतील. तुम्हाला चालतील हो, पासला चालत नाहीत! पासचा हिशोब १०,७०० पासून सुरू होतो. आता एचआरवाला फोनवर हे सगळं समजावत बसत नाही, तो म्हणतो "आम्ही दुसऱ्या प्रोफाइलसोबत पुढे जातोय", आणि तुम्ही आपले समजता की इंटरव्ह्यूत तो एक प्रश्न चुकला म्हणून गेलं.

ब्रिटनमध्ये हेच उलट्या बाजूने आहे, स्किल्ड वर्कर व्हिसात २६ वर्षांखालच्याला "न्यू एंट्रंट" म्हणून कमी पगारावरही घेता येतं. मोठ्यांवर बंदी कुठेच नाही, पण लहान माणूस कंपनीला कायद्यानेच स्वस्त पडतो, मग कंपनी काय करणार ते उघड आहे.

आता कंपनीकडे येऊ, आणि हा भाग धूसर आहे कारण इथे कोणी काही लिहून देत नाही. मोठ्या वयाच्या उमेदवाराबद्दल हायरिंग मॅनेजरच्या डोक्यात जी भीती असते ती सगळीकडे सारखीच, हा महाग पडेल, तरुण बॉसचं ऐकणार नाही, नवीन टूल शिकायला कंटाळा करेल, जरा बरं काही मिळालं की सोडून जाईल. परदेशी उमेदवार म्हटलं की यात आणखी भर पडते. हा एकटा येणार नाही, बायको किंवा नवरा, मुलं, मुलांच्या शाळा, घर, सगळं कंपनीच्या गळ्यात येईल, असं विचारण्याआधीच धरलेलं असतं. हेल्थ इन्शुरन्सचा प्रीमियम वयाबरोबर वाढतो. व्हिसावर खर्च केलेला पैसा वसूल व्हायला काही वर्षं लागतात आणि रिटायरमेंट जवळ असलेल्या माणसाकडून ती वर्षं मिळतील का, हा हिशोब तोंडाने कोणी बोलत नाही पण मांडतात सगळेच.

आणि यातली मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट अशी की परदेशी उमेदवाराचं वय पूर्ण मोजलं जातं पण अनुभव पूर्ण मोजला जात नाही. वीस वर्षं काम केलेल्या माणसाला सांगतात की "लोकल एक्स्पीरियन्स" नाही, म्हणजे त्याची वीस वर्षं पुसली जातात आणि त्याला ज्युनियर जागेसाठी अर्ज करायला लावतात, आणि तिथे अर्ज केला की म्हणतात तुम्ही ओव्हरक्वालिफाइड आहात. आता माणसाने जायचं कुठे? कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांताने यातल्या अर्ध्या भागावर इलाज केलाय, १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला जाहीर केलेल्या जागेच्या जाहिरातीत "कॅनेडियन अनुभव हवा" अशी अट टाकता येत नाही. जाहिरातीतून गेली म्हणून मनातून जाईलच असं नाही, पण निदान तोंडावर फेकता येत नाही.

बायकांना हे सगळं जास्तच लागतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ४०,००० हून जास्त बनावट अर्ज, वय सोडून बाकी सगळं जवळपास सारखं ठेवून, खऱ्या नोकऱ्यांसाठी पाठवले होते, आणि वयाचा फटका पुरुषांपेक्षा बायकांना स्पष्टपणे जास्त बसलेला दिसला. त्यात जोडीदाराच्या बदलीमुळे परदेशात आलेल्या बाईच्या सीव्हीत दोन-चार वर्षांची गॅप असतेच, मग वय, गॅप आणि परदेशी डिग्री असं तिन्ही एकदम तिच्या अंगावर येतं.

बरं, हा भेदभाव पकडायचा कसा? जाहिरातीची भाषा बघा. "यंग अँड डायनॅमिक टीम", "रीसेंट ग्रॅज्युएट", "जास्तीत जास्त पाच वर्षं अनुभव" असलं काही दिसलं की समजून जायचं. जर्मनीत हाइलब्रॉनच्या कामगार न्यायालयाने २०२४ मध्ये असं ठरवलं की जाहिरातीत "डिजिटल नेटिव्ह" हवा असं म्हणणं हीच वयाच्या भेदभावाची खूण आहे, आणि १९७२ साली जन्मलेल्या उमेदवाराला ७,५०० युरो भरपाई दिली. पण हे झालं तुम्हाला दिसणाऱ्या जाहिरातींचं. २०१७ मध्ये बाहेर आलं की कित्येक मोठ्या कंपन्या फेसबुकवर नोकरीच्या जाहिराती फक्त ठरावीक वयोगटालाच दाखवत होत्या, म्हणजे पन्नाशीच्या माणसाला ती जागा आहे हेच कळत नव्हतं, नाकारायचा प्रश्नच नाही. २०१९ मध्ये फेसबुकने नोकऱ्यांच्या जाहिरातींना वय, लिंग वगैरे लावून माणसं निवडायची सोय बंद करायचं कबूल केलं.

सॉफ्टवेअरचं तर वेगळंच. ऑनलाइन शिकवण्या घेणाऱ्या आयट्यूटरग्रुप नावाच्या कंपनीवर अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाने २०२२ मध्ये केस केली. आरोप असा की अर्ज घेणारं सॉफ्टवेअर ५५ आणि वरच्या बायका आणि ६० आणि वरचे पुरुष आपोआप बाद करत होतं, माणसाच्या नजरेला अर्ज पडायच्या आधीच. (बायकांसाठी पाच वर्षं आधी, हे पण बघून ठेवा.) हे उघडकीला आलं कसं, तर एका अर्जदाराने नकार आल्यावर तोच अर्ज पुन्हा भरला, अक्षरही न बदलता, फक्त जन्मतारीख अलीकडची टाकली, आणि इंटरव्ह्यूला बोलावणं आलं. २०० हून जास्त लोक असे गाळले गेले होते, २०२३ मध्ये कंपनीने ३,६५,००० डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. वर्कडे या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीवरही अशीच केस चालू आहे, मे २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टाने चाळिशी पार केलेल्या अर्जदारांना त्यात सामूहिकरीत्या सामील व्हायची प्राथमिक परवानगी दिली. त्यामुळे रात्री दीड वाजता अर्ज टाकला आणि दोन वाजता नकार आला तर तो मेल डिलीट करू नका, वेळेसकट जपून ठेवा, कंपनीच्या देशातही तेव्हा रात्रच असेल तर बहुधा कोणीही माणूस बसून तुमचा सीव्ही वाचत नव्हता.

मग कायदा काय म्हणतो? कायदा आहे, बऱ्याच ठिकाणी आहे, पण भोकंही तेवढीच आहेत. अमेरिकेचा कायदा १९६७ चा, तो ४० आणि पुढच्यांना संरक्षण देतो आणि २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना लागू होतो. तुम्ही परदेशी असलात तरी अमेरिकेत राहून काम करत असाल किंवा शोधत असाल तर तो तुमच्यासाठीही आहे. पण अर्ज बाहेरून केला तर? मेक्सिकोतून अमेरिकेतल्या शेतकामासाठी अर्ज केलेल्या एका माणसाच्या खटल्यात २००१ मध्ये तिथल्या एका अपील कोर्टाने सांगितलं की परदेशी नागरिकाने परदेशात बसून अर्ज केला असेल तर हा कायदा त्याला लागू नाही. म्हणजे अर्ज करताना तुम्ही कुठे बसलाय यावर तुमचा हक्क ठरतो! शिवाय २००९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर हे सिद्ध करावं लागतं की वय नसतं तर नोकरी मिळाली असती, "वय हेही एक कारण होतं" एवढं पुरत नाही.

युरोपियन युनियनमध्ये २००० सालचा निर्देश आहे, म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात आणायचा नियम, त्याने नोकरीत वयावरून भेदभाव करायला बंदी घातली आणि उमेदवाराने संशय घ्यायला पुरेसा आधार दाखवला की पुढचं सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर टाकली, ही चांगली गोष्ट आहे. पण त्याच निर्देशात योग्य कारण असेल तर वयाची अट ठेवता येते अशी पळवाटही आहे, आणि नागरिकत्वावरून केलेला फरक त्यात येतच नाही. त्यामुळे कंपनी "वय म्हणून नाही, परमिटची भानगड नको म्हणून नाकारलं" असं म्हणाली की सगळं निसटतं. ब्रिटनमध्ये २०१० चा इक्वॅलिटी ॲक्ट आहे. हाँगकाँगमध्ये लिंग, अपंगत्व, कौटुंबिक स्थिती आणि वंश यांच्यासाठी कायदे आहेत, वयासाठी नाही. यूएईच्या २०२१ च्या कामगार कायद्यात भेदभावाच्या बंदीची यादी आहे, तिच्यात वय नाही. सिंगापूरने जानेवारी २०२५ मध्ये वर्कप्लेस फेअरनेस कायदा पास केला, त्यात वय आहे, पण २५ पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या कंपन्या सुरुवातीला बाहेर ठेवल्यात. आणि वरच्या थराला बघायचं तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५८ च्या भेदभावविरोधी कराराच्या मूळ यादीतही वय नाही. स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा १९९० चा संयुक्त राष्ट्रांचा करार आहे, त्यात वय चक्क नाव घेऊन लिहिलंय, फक्त लोक जिथे नोकरीसाठी जातात त्या श्रीमंत देशांनी तो मान्यच केलेला नाही.

तक्रार करायचीच तर मुदती फार तोकड्या आहेत हे लक्षात ठेवा. जर्मनीत नकार मिळाल्यापासून दोन महिन्यांत लेखी दावा सांगावा लागतो. अमेरिकेत आयोगाकडे १८० दिवस, बऱ्याच राज्यांत ३००. आता याच्या शेजारी हे ठेवून बघा, अमेरिकेत एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली की दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. जो माणूस त्या ६० दिवसांवर जगतोय तो आयोगाकडे जाऊन महिनोन्‌महिने कागद भरत बसेल का? नाही बसणार, आणि कंपन्यांना ते पक्कं माहीत असतं. माझं मत विचाराल तर नोकरी शोधत असताना केसच्या मागे लागणं बहुतेकांना परवडत नाही, ज्यांना कायम राहायचा हक्क मिळालाय त्यांनी विचार करावा. पण पुरावा सगळ्यांनीच ठेवावा, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, मेल, कोण कधी काय बोललं त्याची तारखेसकट नोंद, ते काही कष्टाचं काम नाही.

मग करायचं काय, तर अर्ज टाकायच्या आधी व्हिसाचा हिशोब. ज्या देशात जायचंय तिथल्या सरकारी साइटवर आपल्या वयाला काय लागू आहे ते बघा, पगाराची पायरी असेल तर आकडा काढा, आणि त्या आकड्याखालच्या जागांना अर्जच करू नका, कितीही छान वाटल्या तरी. आणि हिशोब तुमच्या बाजूने लागला तर ते कव्हर लेटरच्या पहिल्याच ओळीत लिहा. "माझ्याकडे जोडीदाराच्या व्हिसावर काम करायची परवानगी आहे, स्पॉन्सर करावं लागणार नाही" किंवा "या पगारावर माझ्या वयाला परमिट मिळतं, मी नियम तपासलेत" अशी एक ओळ एचआरच्या डोक्यातली अर्धी भीती काढते, कारण बऱ्याच छोट्या कंपन्यांना नियम माहीतच नसतात, त्यांनी फक्त "कटकट" एवढंच ऐकलेलं असतं.

सीव्हीत शेवटची दहा-पंधरा वर्षं तपशीलात द्या, त्याआधीचं दोन ओळींत उरका, पासिंगचं वर्ष नको असेल तर काढा. ते लपवाछपवी नाही, मागितलेलं नाही ते दिलं नाही इतकंच. पण जन्मतारीख खोटी कधीच टाकू नका आणि वर्षं इकडची तिकडे करू नका, पासपोर्ट आणि डिग्रीचे कागद शेवटी परमिटच्या फाइलमध्ये जातातच आणि तिथे फरक निघाला तर नोकरी राहते बाजूला, व्हिसाच्या फसवणुकीचं प्रकरण होतं. ज्या देशांत फॉर्ममध्ये जन्मतारखेचा रकाना सक्तीचा असतो तिथे सरळ भरा, लपवायला जागाच नाही.

इंटरव्ह्यूत वय सहसा थेट विचारत नाहीत, आडून विचारतात. "तुमच्याहून लहान मॅनेजर असेल, चालेल ना?" यावर "हो हो, काहीच प्रॉब्लेम नाही" म्हणणारा माणूस कोणालाच पटत नाही. त्यापेक्षा ठोस सांगा, "आधीच्या प्रोजेक्टवर माझा लीड माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान होता, टेक्निकल निर्णय त्याचे, क्लायंटशी बोलणं माझ्याकडे, असं आम्ही वाटून घेतलं होतं." ओव्हरक्वालिफाइड म्हणाले तर त्यामागची भीती ओळखा, त्यांना वाटतंय तुम्ही सहा महिन्यांत जाल, तर तुम्ही याच शहरात का राहणार आहात, याच लेव्हलचं काम का हवंय ते सांगा. पगार कमी करून मागणं हा मात्र वाईट सौदा आहे, एकतर वर सांगितल्यासारखा तो परमिटला आडवा येऊ शकतो आणि दुसरं म्हणजे समोरच्याला वाटतं याला कोणी घेतच नाहीये.

पोर्टलवर शेकडो अर्ज टाकण्यापेक्षा जुने सहकारी, क्लायंट, व्हेंडर यांच्या ओळखीतून थेट मॅनेजरपर्यंत पोचणं या वयात जास्त कामाला येतं, कारण फिल्टर असतो तो सॉफ्टवेअरमध्ये आणि एचआरच्या पहिल्या चाळणीत, ज्याला काम करून हवंय तो माणूस वयाचं तेवढं बघत नाही. आणि सध्याच्याच कंपनीची परदेशात शाखा असेल तर आधी तिथे विचारा, आतल्या आत बदलीच्या व्हिसाला बहुतेक ठिकाणी वयाचे गुण वगैरे लागत नाहीत.

ऑफर आली की सही करायच्या आधी एचआरला तीन गोष्टी मेलवर विचारा, कंपनीचं रिटायरमेंटचं वय काय आहे, तुमचं परमिट किती वयापर्यंत रिन्यू होतं, आणि परमिट रिन्यू झालं नाही तर परतीचा खर्च कोणाचा. उदाहरणार्थ चीनमध्ये सर्वसाधारण श्रेणीच्या परदेशी कामगाराला साठीनंतर परमिट मिळणं अवघड असतं, वरच्या श्रेणीला सूट आहे, आणि ५७ व्या वर्षी तीन वर्षांचा करार घेताना आपण कुठल्या श्रेणीत आहोत हे कागदावर माहीत असलेलं बरं.